दोन धातू आणि मधला ओलावा

दातात चांदी भरलेली असेल आणि चॉकलेटचा चंदेरी कागद चुकून त्या दाताखाली आला, तर अशी सणक जाते की माणूस जबडा धरून बसतो. दाताला काही झालेले नसते. तो कागद असतो ॲल्युमिनियमचा, भरलेली ‘चांदी’ म्हणजे चांदी, कथील आणि पारा यांचे मिश्रण, आणि दोन्हींच्या मधे असते खारट लाळ. एवढ्या सामग्रीवर तोंडातल्या तोंडात एक विद्युत घट तयार होतो आणि त्याचा प्रवाह दाताच्या नसेला जाऊन भिडतो.

दोन वेगळे धातू आणि त्यांना जोडणारा खारट किंवा आंबट ओलावा, यापलीकडे या विजेला काही लागत नाही. काही घासावे लागत नाही, चक्र फिरवावे लागत नाही. तिला गॅल्व्हानीय वीज म्हणतात. माणसाने ती कामाला लावली तेव्हा तिने तारायंत्र चालवले, नवी मूलद्रव्ये हाती दिली, स्वस्त ॲल्युमिनियमची वाट मोकळी केली. आणि जिथे तिला कोणी बोलावले नव्हते तिथे ती नळ, पत्रे, जहाजे आणि पूल खात राहिली. पहिली बाजू आपण शाळेत शिकतो. दुसरी प्लंबरच्या आणि पूल बांधणाऱ्या इंजिनिअरांच्या वाट्याला जाते. नियम मात्र एकच आहे, म्हणून दोन्ही बाजू एकत्रच समजून घ्यायला हव्यात.

१७८० च्या दशकात इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी हे शरीररचनेचे प्राध्यापक बेडकांच्या सोललेल्या पायांवर प्रयोग करत होते. आकाशातल्या विजेचा स्नायूंवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्यांनी ते पाय पितळी आकड्यांना अडकवून घराच्या लोखंडी कठड्याला टांगले. वीज चमकली की पाय आखडत, हे अपेक्षितच होते. पण आभाळ निरभ्र असतानाही, आकडा कठड्यावर दाबला की पाय झटका देत. प्राण्याच्या शरीरातच वीज साठलेली असते आणि धातू तिला फक्त वाट करून देतो, असा निष्कर्ष काढून गॅल्व्हानींनी १७९१ मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला.

पाव्हिया विद्यापीठातले अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी आधी या शोधाची स्तुती केली आणि मग स्वतः प्रयोग करताना त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. आकडा आणि कठडा एकाच धातूचे असले तर झटका क्षीण असतो किंवा येतच नाही. धातू वेगळे असले की तो जोरात येतो. मग वीज धातूंमधून येत असली पाहिजे, बेडूक केवळ ती दाखवणारे साधन. गॅल्व्हानींनी उत्तर दिले, तेही प्रयोगानेच. त्यांनी धातूला हातच लावला नाही. बेडकाचा मज्जातंतू थेट त्याच्याच स्नायूला टेकवला आणि पाय हलला.

विज्ञानाच्या इतिहासातला हा वाद मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात दोघेही बरोबर होते. कठड्यावरच्या बेडकाला झटका बसला तो दोन धातूंमुळे. धातूशिवाय पाय हलला तो शरीरातल्या विजेमुळे. हे नीट उमगायला पुढे दीडशे वर्षे लागली. गॅल्व्हानींना त्यातले काही पाहता आले नाही. नेपोलियनने उभारलेल्या नव्या प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला, विद्यापीठातले पद गेले, आणि १७९८ च्या डिसेंबरात ते वारले.

व्होल्टांनी २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना फ्रेंचमध्ये एक पत्र लिहिले. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची चकती, वर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. अशी चळत रचली आणि तिची दोन टोके ओल्या हातांनी धरली, की झटका बसतो. हात सोडून पुन्हा धरले की पुन्हा बसतो. विशेष म्हणजे ही रचना व्होल्टांनी टॉर्पेडो माशाच्या विद्युत अवयवावरून घेतली होती. प्राण्यातल्या विजेचा सिद्धांत खोडणाऱ्या माणसाने आपले यंत्र प्राण्याकडे पाहूनच घडवले.

त्याआधीची वीज म्हणजे ठिणगी. काचेच्या बरणीत साठवायची आणि क्षणात उडवून टाकायची. चळतीतून येणारी वीज वाहत राहिली. ती वाहत राहिली म्हणूनच तिच्याकडून काम करून घेता आले, आणि ते किती झपाट्याने झाले पाहा. व्होल्टांचे पत्र छापून होण्याआधीच, मे १८०० मध्ये लंडनमध्ये विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी चळतीच्या तारा पाण्यात बुडवल्या आणि पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन भाग झाले. १८०७ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पोटॅशमधून वीज सोडली तेव्हा पाऱ्यासारखे चकाकणारे गोळे बाहेर पडले आणि हवेत पेटले. ते पोटॅशियम. पाठोपाठ काही दिवसांत सोडियम, आणि १८०८ मध्ये कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि मॅग्नेशियम. भट्टीतल्या कोळशाला जे धातू कधी सुटे करता आले नसते, ते ओल्या पुठ्ठ्यांच्या पुढच्या पिढीने सुटे केले. १८२० मध्ये कोपनहेगनला हान्स ओर्स्टेड यांनी तारेतून वाहणाऱ्या विजेजवळ होकायंत्राची सुई वळताना पाहिली. मोटर आणि जनित्र यांची कथा तिथून सुरू होते.

त्या वळणाऱ्या सुईवरूनच प्रवाह मोजायचे यंत्र तयार झाले आणि त्याला गॅल्व्हानींचे नाव मिळाले: गॅल्व्हानोमीटर. ते इतके सूक्ष्म होत गेले की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइंटहोव्हेन यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या काचमण्याच्या (क्वार्ट्झच्या) तंतूने हृदयाची वीज मोजली. रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवलेले असत आणि यंत्र दोनशे किलोहून जड होते. आज तालुक्याच्या दवाखान्यातही छातीवर चकत्या लावून जो ईसीजी काढतात, त्याचे हे मूळ. आलेखावरच्या उंचवट्यांची पी, क्यू, आर, एस, टी ही नावेही आइंटहोव्हेन यांचीच. त्यांना १९२४ चे नोबेल मिळाले. शरीरात वीज असते हे गॅल्व्हानींचे म्हणणे त्यांच्याच नावाच्या यंत्राने कागदावर उमटवले.

आता चळतीत नेमके काय घडते ते पाहू. प्रत्येक धातूच्या अणूत बाहेरचे इलेक्ट्रॉन सोडून देण्याची प्रवृत्ती कमी-अधिक असते. जस्त ते सहज सोडते. तांबे आणि चांदी धरून ठेवतात. दोन्ही धातू तारेने जोडले आणि मधे खारट पाणी ठेवले, की जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन तारेत सोडतो आणि स्वतः विद्युतभारित होऊन पाण्यात उतरतो, म्हणजेच विरघळतो. तारेतून गेलेले इलेक्ट्रॉन दुसऱ्या टोकाला कोणीतरी स्वीकारतो. मोरचुदाच्या द्रावणातला तांब्याचा आयन असेल तर तो इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा धातूचे तांबे होतो. ही ओढ मोजता येते. हायड्रोजनला शून्य मानले तर जस्त उणे ०.७६ व्होल्टवर आणि तांबे अधिक ०.३४ व्होल्टवर. दोहोंतला फरक १.१० व्होल्ट, आणि जस्त-तांब्याचा घट तेवढाच दाब देतो. लिथियम उणे ३.०४ वर आहे. मोबाइलच्या चपट्या बॅटरीत एवढी शक्ती मावते याचे एक कारण या आकड्यात आहे.

व्होल्टांना हे ठाऊक नव्हते. दोन धातू नुसते एकमेकांना टेकले की वीज निघते, मधला ओलावा फक्त वाहून नेतो, असे ते शेवटपर्यंत मानत राहिले. जस्त झिजते आणि त्या झिजेच्या मोबदल्यात वीज मिळते, ही गोष्ट १८३० च्या दशकात मायकेल फॅरडे यांनी आकड्यांनी दाखवली: जेवढी वीज वाहते तेवढ्याच प्रमाणात पदार्थ विरघळतो किंवा साचतो. फुकट काही मिळत नाही.

चळतीचे दोष लवकरच उघडे पडले. पुठ्ठे वाळत, खारे पाणी गळे, तांब्यावर हायड्रोजनचे बुडबुडे धरत आणि प्रवाह मंदावत जाई. गेऑर्ग ओम यांना आपला प्रसिद्ध नियम शोधताना घटाचा नाद सोडून तापमानातल्या फरकावर चालणारी वीज वापरावी लागली, कारण घटाचा प्रवाह स्थिर राहीना. १८३६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातले जॉन डॅनियल यांनी तांबे मोरचुदाच्या द्रावणात ठेवले. मग तांब्यावर हायड्रोजनऐवजी तांबेच साचू लागले आणि प्रवाह तासन्‌तास एकसारखा मिळू लागला. द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणासाठी चुन्यात कालवतात तेच हे मोरचूद.

डॅनियलचा घट निघाला की मराठी वाचकाला अगस्त्य संहितेतला घट आठवतो. मातीचे भांडे, तांब्याचा पत्रा, मोरचूद, ओला भुसा आणि पारा लावलेले जस्त, असे ते वर्णन सांगितले जाते. माझी शंका अशी की ते वर्णन डॅनियलच्या घटाशी फारच तंतोतंत जुळते. जस्ताला पारा चोळण्याची युक्ती १८३० च्या आसपास युरोपातल्या प्रयोगशाळांत रुळली, कारण अशुद्ध जस्त त्याशिवाय ॲसिडात उगाच झिजत असे. प्राचीन हस्तलिखित पुढे येईपर्यंत, असा घट प्राचीन भारतात होता हा दावा इतिहास म्हणून सांगू नये. जस्ताबाबत भारताकडे याहून भक्कम वारसा आहे. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि धूर होऊन निसटते, म्हणून ते खनिजातून काढणे अवघड. राजस्थानात उदयपूरजवळच्या झावर येथे वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या लावून, वाफ खाली उतरवून थंड करण्याची पद्धत युरोपच्या कित्येक शतके आधी मोठ्या प्रमाणावर वापरात होती. तिथे वापरलेल्या मुशींचे ढीग आजही पाहायला मिळतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने असेच जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये.

डॅनियलच्या घटाने पहिला मोठा उद्योग उभा केला तो तारायंत्राचा. भारतात ते आणणारे विल्यम ओशॉनेसी मूळचे डॉक्टर, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे. त्यांनी १८३९ मध्येच कलकत्त्याजवळ मैलोन्‌मैल तार टाकून प्रयोग केले होते. १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास जोडली गेली आणि १८५५ च्या फेब्रुवारीपासून सामान्य माणसाला तार करता येऊ लागली. ‘तार आली’ म्हटले की घरातल्यांच्या काळजात धस्स व्हायचे, ते दीडशे वर्षांहून अधिक काळ चालले. ही सेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. सुरुवातीच्या कचेऱ्यांत भांड्याभांड्यांतून भरलेले द्रावण आणि जस्ताचे झिजणारे पत्रे हाच सगळा वीजपुरवठा होता. पुढे १८६६ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागर यांचा घट केला. कल्हईवाला तापल्या भांड्यावर भुरभुरवतो तोच नवसागर. त्याची ओली खीर दाट लगदा करून जस्ताच्या डब्यात भरली आणि विजेरीचा कोरडा सेल तयार झाला.

घट चालतो तेव्हा रसायन विजेला ढकलते. बाहेरून वीज ढकलली तर रसायन उलटे चालते, आणि उद्योगाची खरी कमाई या उलट्या वाटेवर आहे. गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्ल यांचा घट केला, तो वीज भरून पुन्हा वापरता येई. भारनियमनाच्या दिवसांत घरोघरी आलेल्या इन्व्हर्टरची जड बॅटरी त्याच कुळातली: दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे मिळून बारा व्होल्ट.

मुलाम्याचे तसेच. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये चांदी-सोन्याच्या सायनाइड द्रावणातून वीज सोडून मुलामा देण्याचे पेटंट घेतले. आज ‘एक ग्रॅम सोन्याचे’ म्हणून जे दागिने विकले जातात त्यांच्यावरचा सोन्याचा पातळ थर अशाच टाकीत चढतो, आणि नळाच्या तोट्यांवरचे चकचकीत क्रोमही. हे काम छोट्या गाळ्यांत चालते आणि त्याचे सांडपाणी गटारात सोडले तर सायनाइड आणि षट्‌संयुजी क्रोमियम पाण्यात मिसळते. प्रक्रिया न करता ते सोडणे हा माणसांच्या आरोग्यावरचा सरळ हल्ला आहे, आणि गाळ्यात उघड्या हातांनी काम करणाऱ्या कामगाराला त्याची झळ सर्वांत आधी लागते.

घरातल्या वायरीत असते ते तांबेही विजेनेच धुतलेले असते. भट्टीतून निघालेल्या तांब्यात एखादा टक्का अशुद्धी राहते आणि तेवढीही वीजवहनाला मारक ठरते. म्हणून अशुद्ध तांब्याची लादी धनाग्र करून मोरचुदाच्या आम्लयुक्त द्रावणात टांगतात. ती विरघळत जाते आणि ऋणाग्रावर ९९.९९ टक्के शुद्ध तांबे चढते. टाकीच्या तळाशी जो गाळ साठतो त्यात सोने, चांदी आणि सेलेनियम सापडते. इलेक्ट्रॉन सहजी न सोडणारे सोने-चांदीसारखे धातू विरघळतच नाहीत, नुसते खाली बसतात. ॲल्युमिनियमची अडचण उलटी. ते ऑक्सिजनला इतके घट्ट धरते की एके काळी ते चैनीच्या वस्तूंत मोडत असे. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी, एकमेकांना न ओळखता, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून वीज सोडण्याची तीच रीत शोधली. दोघांचे जन्मवर्ष १८६३, मृत्यूवर्ष १९१४. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पठारांवरच्या बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम करायचे तर आजही हीच वाट आहे, आणि किलोमागे तेरा ते पंधरा युनिट वीज लागते. म्हणून जुनी भांडी मोडीत देणे एवढे महत्त्वाचे. वितळवून पुन्हा वापरायला त्या विजेचा विसावा भागसुद्धा पुरतो.

आता दुसरी बाजू. बेडकाचे पाय टांगण्याच्या कितीतरी आधी, १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या जहाजाच्या लाकडी बुडाला तांब्याचा पत्रा ठोकला, लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून ते वाचावे म्हणून. दोन वर्षांनी जहाज गोदीत आले तेव्हा पत्रा चांगला होता, पण त्याच्या सान्निध्यातले लोखंडी खिळे खाल्ले गेले होते. काही ठिकाणी मात्र पत्र्याखालचा जाड कागद चुकून काढायचा राहिला होता, आणि तिथले लोखंड शाबूत होते. तांबे, लोखंड आणि समुद्राचे पाणी यांचा तो अवाढव्य घट होता; कागदाने त्याचे मंडल तोडले होते.

१८२४ मध्ये डेव्हींनी हाच नियम उलटा वापरायचे ठरवले. तांबे समुद्रात झिजते तर त्याला तांब्यापेक्षा सहज झिजणाऱ्या धातूची जोड द्यायची. पत्र्याला जस्ताचे किंवा बिडाचे ठोकळे बसवले, तेही पत्र्याच्या मानाने अगदी छोटे, आणि तांबे लखलखीत राहिले. मग जहाजे मंद होऊ लागली. तांबे विरघळते तेव्हा ते विषारी असते आणि त्यामुळेच शंखशिंपले बुडाला चिकटत नाहीत; न विरघळणाऱ्या तांब्यावर त्यांची दाट वस्ती झाली. ठोकळे काढायचा हुकूम सुटला. डेव्हींना हे फार लागले. पण त्यांची कल्पना बरोबर होती, फक्त वाचवायचा धातू चुकीचा निवडला होता. आजच्या पोलादी जहाजांना आणि मुंबई हायच्या तेलफलाटांच्या पाण्याखालच्या पायांना असेच बळीचे ठोकळे जोडलेले असतात. ते झिजतात आणि पोलाद टिकते.

कोकणातल्या घरावरचा जीआय पत्रा, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पत्रा, याच तत्त्वावर तग धरतो. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याचे पेटंट फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये घेतले. हा थर विजेने चढवलेला नसतो, तरी त्याचे राखणे गॅल्व्हानीयच असते. पत्र्यावर चरा पडून लोखंड उघडे झाले तरी भोवतालचे जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. याउलट कथिलाचा थर दिलेला तेलातुपाचा पत्र्याचा डबा पाहा. कथील लोखंडापेक्षा कमी झिजणारे, त्यामुळे थर अखंड आहे तोवर डबा सुरेख. एकदा चरा पडला की त्या जोडीत लोखंडच आधी बळी जाते आणि चऱ्याशी गंज धावतो.

गंजायला दोन धातू लागतातच असे नाही. एकाच सळईचा एक भाग खाऱ्या ओलाव्यात आणि दुसरा कमी ओल्या जागी असला तरी त्या दोहोंत घट तयार होतो. काँक्रीट अल्कधर्मी असल्याने आतल्या लोखंडाला जपते, पण समुद्रकाठच्या हवेतले क्लोराइड भेगांतून आत शिरले की ते कवच मोडते. गोव्यात मांडवीवरचा जुना पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला तेव्हा आतल्या ताणलेल्या पोलादी तारांना लागलेल्या गंजाची चर्चा झाली. खाडीवर बांधणाऱ्याने या विजेचा हिशेब नकाशावरच मांडायला हवा. नंतर केलेली डागडुजी महाग पडते आणि कधी कधी उशिराही.

घरापुरते सांगायचे तर तीन जागा तपासण्यासारख्या आहेत. जीआय पाइपला पितळी किंवा तांब्याची जोडणी थेट बसवली असेल तर गळती बहुधा तिथूनच सुरू होते. ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर आणि आतली तांब्याची वायर नुसती पिळून जोडली असेल तर जोड पावसाळ्यात खराब होतो आणि तापतो. त्यासाठी बायमेटॅलिक लग मिळतो, तो लावून घ्यावा. आणि टाकीच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती झिजण्यासाठीच ठेवलेली असते. बोअरचे क्षारयुक्त पाणी असेल तर ती लवकर संपते, आणि ती संपली की टाकीचे पोलाद गंजायला लागते. सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाकडून ती कांडी काढून पाहावी आणि बारीक झाली असेल तर बदलून घ्यावी. नव्या टाकीच्या मानाने ती अगदी थोडक्या पैशांत येते.